‘थोडं सोसा’ म्हणण्याआधी

शस्त्रक्रिया झालेल्या म्हाताऱ्या माणसाच्या दुखण्याबद्दल आपल्या घरांमध्ये दोन समजुती पक्क्या बसल्या आहेत. पहिली अशी, की कापले म्हणजे दुखायचेच, या वयात थोडे सोसायला हवे. दुसरी अशी, की दुखणे थांबवणारी औषधे म्हाताऱ्या शरीराला झेपत नाहीत, म्हणून जितकी कमी घेतील तितके बरे. दुसऱ्या समजुतीत निम्मे तथ्य आहे. पहिलीत काहीच नाही. शस्त्रक्रियेनंतरची न आवरलेली वेदना वृद्ध माणसाला नुसता त्रास देत नाही, त्याचे बरे होणे अडवते आणि कधी कधी जिवावरही बेतते. म्हणून ती आवरणे हा उपचाराचाच एक भाग आहे.

हे चंडीगडच्या सेक्टर २२ मध्ये उभे राहून सांगायला कारण आहे. १९५० च्या दशकात हे शहर वसू लागले तेव्हा अगदी सुरुवातीला जे सेक्टर उभे राहिले, त्यांतले हे एक. इथल्या घरांच्या रचनेत जेन ड्रू या ब्रिटिश वास्तुरचनाकार बाईंचा मोठा वाटा होता. शहर घडवणाऱ्या भारतीय चमूत ए. आर. प्रभावळकरांसारखे मराठी नावही होते. तेव्हा तरुण असलेली सरकारी नोकरांची आणि दुकानदारांची पिढी इथेच म्हातारी झाली. नोकरीनिमित्त चंडीगडला आलेली मराठी मुले-मुली आज आईवडिलांना इकडे आणतात, तीही गुडघा, खुबा, पित्ताशय किंवा प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेच्या वयातली असतात. शस्त्रक्रियेची सोय जवळ आहे. सेक्टर २२ मध्ये नागरी रुग्णालय आहे, तिरकस समोरच्या सेक्टर १६ मध्ये मोठे सरकारी रुग्णालय, सेक्टर ३२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि सेक्टर १२ मध्ये १९६२ साली सुरू झालेली, उत्तर भारतभर ‘पीजीआय’ म्हणून ओळखली जाणारी संस्था. अडचण सुरू होते ती शस्त्रक्रिया संपल्यावर. वॉर्डातले पहिले दोन-तीन दिवस आणि घरी आल्यावरचे पहिले दोन आठवडे, या काळात दुखणे नीट सांभाळले गेले की नाही, यावर पुढचे बरेच काही ठरते.

सोसल्याने काय होते

पोटाची शस्त्रक्रिया झालेला माणूस दुखते म्हणून वरवर श्वास घेतो आणि खोकणे टाळतो. कफ छातीतच साठून राहतो, फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही आणि न्यूमोनियाला वाट मिळते. खुब्याची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला माणूस हलायला नको म्हणतो. पायाच्या खोल शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, पाठीला जखमा होतात आणि मुळात थोडेच उरलेले स्नायू झपाट्याने झडतात. तीव्र वेदनेने नाडी आणि रक्तदाब वाढतो. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याच्या हृदयावर हा जादा भार पडतो.

चौथा परिणाम घरच्यांना सर्वात जास्त घाबरवणारा असतो. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री आजोबा एकाएकी बरळू लागतात, सलाइनची नळी ओढतात, मुलाला ओळखत नाहीत, आपण गावच्या घरी आहोत असे समजून उठू पाहतात. याला वैद्यकात डेलिरियम म्हणतात. याचा दुसरा, शांत प्रकारही आहे. त्यात माणूस गप्प पडून राहतो, हाकेला उशिरा ओ देतो, जेवत नाही. घरच्यांना वाटते, विश्रांती घेताहेत. त्यामुळे हा प्रकार सहसा ध्यानात येत नाही.

डेलिरियम औषधांमुळे होतो, म्हणून दुखण्याचे औषध बंद करा, असा सल्ला सहज दिला जातो. न्यूयॉर्कच्या रुग्णालयांतल्या खुबा मोडलेल्या ५४१ रुग्णांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात उलटेच दिसले. ज्यांना दिवसाला १० मिलिग्रॅम मॉर्फिनपेक्षाही कमी औषध मिळाले होते, त्यांच्यात डेलिरियमचे प्रमाण जास्त होते. ज्यांची बुद्धी शाबूत होती पण वेदना तीव्र होती, त्यांना डेलिरियम होण्याचा धोका इतरांच्या सुमारे नऊ पट होता. पेथिडिन हे एक जुने औषध मात्र खरोखरच भ्रम वाढवणारे निघाले. म्हणजे चुकीचे औषध भ्रम आणते आणि न आवरलेली वेदनाही भ्रम आणते. बरळणाऱ्या आजोबांचे सगळे वेदनाशामक एका झटक्यात बंद करणे हा उपाय नव्हे. त्यांना दुखते आहे का, लघवी तुंबली आहे का, शौचाला झाले आहे का, ताप आहे का, रक्तातले सोडियम उतरले आहे का, हे आधी पाहावे लागते.

मात्रा कमी, लक्ष जास्त

दुसऱ्या समजुतीतले निम्मे तथ्य इथे येते. वयाबरोबर शरीर औषधे वेगळ्या तऱ्हेने हाताळू लागते. मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता चाळिशीनंतर हळूहळू उतरत जाते. यकृताकडे जाणारे रक्त कमी होते. शरीरातले पाणी घटते आणि चरबीचा वाटा वाढतो. त्यामुळे तेच औषध रक्तात जास्त चढते आणि जास्त वेळ टिकते. मेंदूही अफूवर्गीय औषधांना अधिक संवेदनशील होतो.

ऑस्ट्रेलियातल्या भूलतज्ज्ञ पामेला मॅकिन्टायर आणि त्यांच्या सहकाऱ्याने एक हजाराहून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासून १९९६ साली एक सोपा हिशेब मांडला. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या चोवीस तासांत रुग्णाला साधारण किती मिलिग्रॅम मॉर्फिन लागते? शंभरातून वय वजा करा. तिशीतल्या माणसाला सत्तरच्या आसपास, तर पंच्याहत्तरीच्या माणसाला पंचवीसच्या आसपास. ही गरज ठरवण्यात वजनापेक्षा वय जास्त महत्त्वाचे ठरले. हे सरासरीचे गणित आहे. एकाच वयाच्या दोन माणसांच्या गरजेत त्यांनाही खूप मोठा फरक आढळला होता. म्हणून वृद्धांच्या बाबतीत भूलतज्ज्ञांचा नियम आहे: थोड्याने सुरुवात करा, हळूहळू वाढवा आणि प्रत्येक वेळी पुन्हा विचारा. यातले शेवटचे सर्वात महत्त्वाचे, आणि गर्दीच्या वॉर्डात नेमके तेच राहून जाते.

किती दुखते, हे कसे कळावे

आपली म्हातारी माणसे स्वतःहून सांगत नाहीत. डॉक्टरांना त्रास नको, मुलांचा खर्च नको, तक्रारखोर दिसायला नको, अशी कारणे मनात असतात. ‘बरं आहे’ हे त्यांचे ठरलेले उत्तर असते. शिवाय चंडीगडच्या वॉर्डात सिस्टर हिंदीत किंवा पंजाबीत विचारणार, आणि भुलीतून नुकत्याच बाहेर आलेल्या आजींना मराठीशिवाय काही सुचत नाही. अशा वेळी मराठी बोलणारे एक माणूस जवळ असणे हा उपचाराचाच भाग समजावा.

विचारायची पद्धतही बदलायला हवी. शून्य ते दहाच्या मापावर आकडा सांगणे पुष्कळ वृद्धांना अवघड जाते. ‘दुखत नाही, थोडं, बरंच, असह्य’ अशा चार शब्दांतून निवडणे सोपे जाते. रुपयात किती आणे दुखते, असे विचारले तरी जुन्या पिढीकडून नेमके उत्तर मिळते. आणि पडून असतानाचे दुखणे विचारून भागत नाही. कुशीवर वळताना, खोकताना, उठून बसताना किती दुखते, हे विचारायला हवे. पडल्या पडल्या बरे वाटणारा, पण उठताना कळवळणारा माणूस चालणार नाही, आणि चालला नाही तर सुधारणार नाही.

दुखणे कसे आहे, हेही डॉक्टरांना सांगावे. जखमेचा ठणका आणि पोटातली कळ यांवरचे उपाय वेगळे असतात. आग होणे, मुंग्या येणे, विजेसारखी चमक जाणे हे सहसा नस दुखावल्याचे लक्षण असते. तिथे नेहमीच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही.

स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा पक्षाघाताने वाचा गेलेल्या माणसाचे काय? जागतिक वेदना अभ्यास संघटनेने वेदनेची १९७९ सालची व्याख्या २०२० मध्ये सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपणात स्पष्ट म्हटले की बोलता येत नाही म्हणून वेदना नाही असे होत नाही. अशा रुग्णांसाठी पाच गोष्टी पाहण्याची पद्धत आहे: श्वास कसा चालला आहे, कण्हणे किंवा रडणे आहे का, चेहरा आक्रसला आहे का, अंग ताठ किंवा अस्वस्थ आहे का, आणि जवळ घेतल्यावर, धीर दिल्यावर माणूस शांत होतो का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. हे घरचे माणूसही शिकू शकते, आणि आईचा नेहमीचा चेहरा कसा असतो हे घरच्यांइतके कुणाला ठाऊक असणार?

एकाच औषधावर भिस्त नको

१९९० च्या दशकात डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी एक विचार लावून धरला. एका औषधाची मोठी मात्रा देण्याऐवजी वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी औषधे थोडी थोडी एकत्र द्यावीत. दुखणे जास्त कमी होते आणि प्रत्येक औषधाचा त्रास कमी होतो. वृद्धांसाठी हा विचार सर्वात मोलाचा ठरला.

त्याचा पाया म्हणजे पॅरासिटामॉल. स्वस्त, ओळखीचे, आणि नियमित घेतले तर चांगले काम करणारे. ‘दुखले तर घ्या’ असे न करता पहिले काही दिवस ठरलेल्या वेळी देणे अधिक उपयोगी पडते. धडधाकट प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा चार ग्रॅम आहे, पण कृश, ५० किलोंखालच्या किंवा यकृताचा आजार असलेल्या वृद्धाला डॉक्टर ती कमी करतात. ६५० मिलिग्रॅमची गोळी चार वेळा घेतली की २.६ ग्रॅम होतात. सर्दीच्या आणि दुखण्याच्या अनेक जोडगोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. त्यामुळे नकळत दुप्पट मात्रा जाऊ शकते. गोळीच्या पट्टीवरची घटकांची नावे वाचण्याची सवय इथे कामी येते.

दुसरा गट आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब यांचा. सुजेवर ही औषधे उत्तम, पण म्हातारपणी यांच्याबाबत सर्वात जास्त सावध राहावे. पोटात रक्तस्राव, रक्तदाब वाढणे, मूत्रपिंड निकामी होणे हे त्यांचे धोके आहेत. आपल्याकडे सत्तरीतले असंख्य लोक रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी घेतात. त्यात ही तिसरी गोळी पडली, आणि शस्त्रक्रियेनंतर पाणी कमी प्यायले गेले, की मूत्रपिंड अचानक बसू शकते. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर रक्तस्रावाची भीती वाढते. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून आपल्या वडिलांना अशी गोळी देणे घातक आहे. दिलीच, तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून, थोड्या दिवसांसाठी द्यावी.

तिसरा गट अफूवर्गीय औषधांचा: मॉर्फिन, फेंटानिल आणि त्यांच्यापेक्षा सौम्य समजले जाणारे ट्रामाडॉल. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवसांत यांची गरज पडते. मूत्रपिंड अशक्त असेल तर मॉर्फिनपासून शरीरात तयार होणारे घटक साठत जातात, म्हणून तिथे निवड बदलावी लागते. ट्रामाडॉलने मळमळ, चक्कर येते, सोडियम उतरू शकते, फीट येणाऱ्यांना धोका असतो आणि नैराश्याच्या काही गोळ्यांशी त्याचे जमत नाही. आपल्याकडे बराच काळ वापरात असलेले पेंटाझोसिन भास आणि भ्रम निर्माण करू शकते. या औषधांसोबत झोपेची गोळी दिली तर श्वास मंदावण्याचा धोका असतो. ‘रात्री झोप येत नाही’ ही तक्रार पुष्कळदा दुखण्याचीच असते, हे ध्यानात ठेवावे.

चौथा मार्ग नर्व्ह ब्लॉकचा. दात काढताना दंतवैद्य जबडा बधिर करतो, तसेच भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या यंत्रावर नस पाहत तिच्याजवळ औषध सोडतात आणि मांडी, गुडघा किंवा खांदा काही तास बधिर होतो. मेंदूवर गुंगी येत नाही, पोट बिघडत नाही. खुबा मोडलेल्या वृद्धाला शस्त्रक्रियेची वाट पाहत असतानाही असा ब्लॉक देता येतो, म्हणजे एक्स-रेसाठी हलवतानाचे हाल वाचतात. ब्लॉकचा अंमल बहुधा रात्री उतरतो आणि दुखणे एकदम उसळते, म्हणून तो उतरण्याआधीच गोळ्या सुरू करायला हव्यात. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ भेटतात तेव्हा ‘ब्लॉक देता येईल का?’ एवढा प्रश्न जरूर विचारावा.

काही रुग्णालयांत बटण दाबले की ठरलेली छोटी मात्रा देणारा पंप लावतात. ते बटण फक्त रुग्णानेच दाबायचे असते. गुंगी आली की हात आपोआप थांबतो, हीच त्यातली सुरक्षितता आहे. आईचे हाल बघवत नाहीत म्हणून मुलाने बटण दाबले तर ही सुरक्षितता मोडते.

कायदा आणि औषधाचे दुकान

अफूवर्गीय औषधे म्हटली की सवय लागण्याची भीती येते. शस्त्रक्रियेनंतर थोडे दिवस, ठरलेल्या मात्रेत आणि देखरेखीखाली घेतलेल्या औषधाने व्यसन लागण्याचा धोका कमी असतो. धोका असतो तो गरज संपल्यावरही गोळ्या चालू ठेवण्यात आणि उरलेल्या गोळ्या घरात पडून राहण्यात.

भारत औषधासाठी अफूची कायदेशीर लागवड करतो. नीमच आणि गाझीपूर इथे सरकारी कारखाने आहेत. तरीही १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर मॉर्फिन ठेवण्यासाठी रुग्णालयांना इतके परवाने लागू लागले की अनेकांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल यांसह सहा औषधांसाठी नियम देशभर सारखे आणि सोपे झाले. दुसरीकडे, पंजाबात ट्रामाडॉलचा नशेसाठी मोठा गैरवापर झाला आणि एप्रिल २०१८ मध्ये तेही या कायद्याखाली आले. त्यामुळे चंडीगडमध्ये औषध दुकानदार या गोळीबाबत काटेकोर असणे योग्यच आहे. रुग्णाने मात्र यामुळे अडायचे कारण नाही. डिस्चार्ज घेतानाच नाव, मात्रा आणि दिवस स्पष्ट लिहिलेली, सहीशिक्क्याची चिठ्ठी मागून घ्यावी आणि शक्यतो रुग्णालयातल्याच दुकानातून औषध घ्यावे. रात्री दहा वाजता चिठ्ठीविना दुकाने धुंडाळण्याची वेळ येऊ देऊ नये.

घरी आल्यावर

एका कागदावर चार रकाने आखावेत: वेळ, औषध, चालताना दुखणे किती, शौचास झाले का. पुढच्या भेटीत डॉक्टरांना या एका कागदातून बरेच काही कळते. अफूवर्गीय औषध चालू असेल तर बद्धकोष्ठता जवळपास ठरलेलीच, म्हणून शौच साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून डॉक्टरांना विचारून सुरू करावे. पाणी बेताचे पिणाऱ्याला नुसते इसबगोल दिले तर उलट आत घट्ट गोळा होतो.

व्यायामाच्या किंवा चालण्याच्या साधारण तासभर आधी गोळी द्यावी. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून ठेवल्याने सूज आणि ठणका दोन्ही कमी होतात. खोकताना पोटाच्या जखमेवर उशी दाबून धरावी. चष्मा आणि कानाचे यंत्र पहिल्याच दिवशी परत द्यावे, दिवसा पडदे उघडे ठेवावेत, रात्री दिवे मंद करावेत. या साध्या गोष्टी डेलिरियम टाळायला खरोखर मदत करतात. शहराच्या आराखड्यात प्रत्येक सेक्टरच्या आतून हिरवळीचा पट्टा आणि पायी चालण्याच्या वाटा आखलेल्या आहेत. डॉक्टरांनी परवानगी दिली की वॉकर घेऊन, सोबतीला माणूस ठेवून, सेक्टर २२ च्या या वाटांवर सकाळचे ऊन पडल्यावर थोडे थोडे चालावे. चंडीगडच्या हिवाळ्यात दाट धुके आणि ओलसर फरशी असते, तेव्हा घाई नको.

काही लक्षणे दिसली तर मात्र घरी थांबू नये: कमी होत आलेले दुखणे अचानक वाढणे, पोटरी सुजून दुखणे, धाप लागणे, छातीत दुखणे, जखमेतून पू किंवा ताप, लघवी न होणे, काळे शौच, नव्याने सुरू झालेला भ्रम, आणि हलवूनही नीट जाग न येणे. शेवटच्या लक्षणात अफूवर्गीय औषधाची मात्रा जास्त झालेली असू शकते. तेव्हा एक मिनिटही दवडू नये.

तीन महिन्यांनंतरही दुखणे राहिले तर ते ‘वयाचे’ म्हणून सोडून देऊ नये. गुडघा बदललेल्या दर दहा रुग्णांपैकी एक ते तिघांना असे दीर्घकाळ दुखत राहते, असे अभ्यासांत आढळले आहे, आणि सुरुवातीची तीव्र वेदना हे त्यामागचे एक कारण असते. त्यासाठी वेदना-चिकित्सेचे डॉक्टर असतात.

आईवडिलांची शस्त्रक्रिया ठरली की आपण शल्यविशारद कोण, खर्च किती, खोली कोणती याची चौकशी करतो. त्यात आणखी तीन प्रश्न घालावेत. दुखणे आवरण्याची योजना काय आहे? रात्री दुखले तर कुणाला सांगायचे? आणि रक्तदाब, साखर, मूत्रपिंड यांचा विचार करून औषधे निवडली आहेत ना? हे प्रश्न विचारण्यात डॉक्टरांवर अविश्वास नाही. उलट चांगला डॉक्टर त्यांचे स्वागत करील. आपल्या म्हाताऱ्या माणसांनी आयुष्यात पुष्कळ सोसले आहे. शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे त्यांना सोसायला लावू नका. त्यांना विचारा, लिहून ठेवा आणि त्यांच्या वतीने बोला.